बधिर केलेला घोडा

ती घटना आठवायला मला काही प्रयत्न करावे लागत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली आणि पंचनामे उरकून घरी जाऊन जेवलोसुद्धा. पण सलग पाच दिवस घास घशाखाली उतरला नाही असं प्रकरण एकच. त्यात चोर नव्हता, खुनी नव्हता. एक घोडा होता आणि त्याच्या टांग्यात बसणाऱ्या शाळकरी मुली होत्या.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. गावात मोटारी मोजक्याच. स्टेशनाबाहेर टांग्यांचा अड्डा होता आणि अर्धं गाव त्या टांग्यांवर चाले. मुलींच्या शाळेसाठी पाच-सहा टांगे महिन्याच्या बोलीवर लावलेले असत. एकेका टांग्यात सहा-सात मुली, पुढे टांगेवाल्याशेजारी धाकट्या आणि मागे थोरल्या.

एका सोमवारी सकाळी हजेरी झाली, रात्रपाळीचे शिपाई सुटले आणि हवालदारांनी टपाल माझ्यापुढे ठेवलं. हवालदार राजापूरकडचे, माझ्यापेक्षा वयाने पंधरा वर्षं मोठे. टेबल-खुर्ची त्यांना मानवत नसे. जमिनीवर मांडी घालून, बैठ्या मेजावर ते तासन्‌तास स्टेशन डायरी लिहीत. त्यांचं अक्षर असं की मॅजिस्ट्रेटही कौतुक करत.

टपालात एक निनावी कार्ड होतं. निनावी अर्जांचं मला नावीन्य नव्हतं. बहुतेक भाऊबंदकीतले असत आणि उरलेले दारूच्या भट्टीबद्दल. पण एक गोष्ट अनुभवाने कळली होती. द्वेषाने लिहिणारा माणूस पानंच्या पानं लिहितो. घाबरलेला माणूस चार ओळींत संपवतो. या कार्डावर तीनच ओळी होत्या. ‘स्टेशनावरच्या एका टांग्याचा घोडा बधिर केलेला आहे. त्यात शाळेच्या मुली बसतात. लवकर बघावे.’

मी ते मोठ्याने वाचलं. हवालदार म्हणाले, बधिर म्हणजे बहिरा, कानात कायतरी ओतलेलं असणार. मलाही ते पटलं. पटण्याजोगंच होतं. अड्डा स्टेशनाला लागून, दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या. नवा घोडा शिट्टीला बुजतो, टांगा उधळतो. घोडा बुजू नये म्हणून कुणी नतद्रष्टाने त्याचे कान घालवले असतील, असं माझ्या डोक्याने लगेच जुळवून टाकलं. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे रेल्वेचं फाटक आलं. ऐकू न येणारा घोडा, येणारी गाडी आणि टांग्यात सात मुली. माझी स्वतःची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती घराजवळच्या शाळेत पायी जाई, पण त्याने काही फरक पडला नाही. मला त्या क्षणापासून भीतीने ग्रासलं.

आम्ही कामाला लागलो. शाळेच्या वेळेला फाटकावर दोन शिपाई उभे केले. टांगेवाल्यांना एकेक करून अड्ड्यावर उभं केलं आणि घोड्यांची तपासणी सुरू केली. तपासणी कशी, तर शिपायाने घोड्याच्या पाठीमागे जाऊन टाळ्या वाजवायच्या आणि मी पुढे उभं राहून कान हलतात का ते बघायचं. घोडे कान हलवत. काही बिचकत, एकाने शिपायाला लाथही झाडली. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या जोडीला शिट्टी आणली. तिसऱ्या दिवशी रिकामा रॉकेलचा डबा. आजूबाजूला बघ्यांची ही गर्दी. फौजदारसाहेब घोड्यांची गाण्याची परीक्षा घेतायत, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला ऐकू आलं. मी दुर्लक्ष केलं.

एकही घोडा बहिरा निघाला नाही.

शाळेच्या टांग्यांतला एक घोडा मला अजून दिसतो. तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, अंगापिंडाने भरलेला. अड्ड्यावरचे निम्मे घोडे कुठल्या ना कुठल्या पायाने लंगडत होते, कारण दगडी रस्ता आणि झिजलेले नाल. हा मात्र सरळ, ऐटीत चाले. टाळी वाजताच त्याने दोन्ही कान मागे वळवले. मी त्याच्या मानेवर थाप मारली आणि टांगेवाल्याला सगळ्यांदेखत म्हणालो, जनावर ठेवावं तर असं. तो माणूस संकोचाने हसला. बाकीचे टांगेवाले एकमेकांकडे बघत राहिले. ते का बघतायत, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मला वाटू लागलं की कार्ड खोटं असावं. पण ते खोटं असल्यावर सुटकेचा जो नि:श्वास यायला हवा, तो येईना. उलट शाळा भरायची आणि सुटायची वेळ झाली की ठाण्यात बसवेना. मी काहीतरी कारण काढून फाटकाकडे जाई आणि टांगे सुखरूप पलीकडे गेले की परत येई. बायकोने विचारलं, जेवण का जात नाही. दाढ दुखते म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी हवालदार एका चोरीच्या प्रकरणातले जबाब नक्कल करत बसले होते. दोन-अडीच तास मांडी मोडली नसेल त्यांनी. मी हाक मारली तसे ते उठले, एक पाऊल टाकलं आणि बघता बघता आडवे झाले. पाय घोट्यात पार मुडपला, वर त्यांच्या अंगाचा सगळा भार, आणि पाण्याचा माठ फुटला. मी धावलो. हवालदार पाण्यात बसून चक्क हसत होते.

मी विचारलं, “लागलं का हो?”

“नाय साहेब. पाय बधिर झालेला. पाय हाय की नाय तेच कळंना, म्हणून वाकडा पडला.”

अर्ध्या तासाने त्यांचा घोटा टम्म सुजला आणि ते कण्हायला लागले. पण मी तोवर तिथे नव्हतोच. त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला आणि मी जागच्या जागी खिळलो. बधिर म्हणजे बहिरा. बधिर म्हणजे संवेदना गेलेला. शब्द एकच, आणि आम्ही पाच दिवस चुकीच्या टोकाला टाळ्या वाजवत बसलो होतो. घोड्याचे कान शाबूत होते. लंगडणं दिसू नये म्हणून पाय बधिर केला होता. हवालदारांसारखाच तो घोडा पाऊल वाकडं टाकणार आणि त्याला ते कळणारही नाही. फरक इतकाच की त्याच्या मागे टांगा असेल.

मी अड्ड्यावर गेलो आणि यावेळी प्रश्न उलटा विचारला. कुणाचा घोडा लंगडतो ते नको, कुणाचा घोडा लंगडायचा आणि आता लंगडत नाही ते सांगा. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसावर बोट ठेवत नाही, हे मला माहीत होतं. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने मात्र लगाम पुसता पुसता, माझ्याकडे न बघता सांगितलं, “लंगडं जनावर लोक शहाडला नेतात, साहेब. नदीच्या अंगाला सालोत्री राहतो.”

सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. मी सायकल काढली आणि शहाड गाठलं. स्टेशनाच्या पलीकडे उल्हास नदीच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती, पुढे दोन बैल बांधलेले. आत पन्नाशीचा एक माणूस खाकी अर्धी पँट घालून औषधाची बाटली धूत होता. ताठ कणा, कातरलेल्या मिशा. युद्धात घोड्यांच्या लष्करी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता, गाव साताऱ्याकडचं, पेन्शनीवर सुटून इथे आलेला. गणवेशातला फौजदार दारात बघून त्याने बाटली खाली ठेवली.

चौकशीच्या बाबतीत माझी एक सवय होती. मी पहिला प्रश्न कधी सरळ विचारत नसे. आरोपीला वाटतं, साहेब विचारेल, तू केलंस का? त्याचं ‘नाही’ तयार असतं. मी कार्ड बाहेरही काढलं नाही. खाटेवर बसलो, टोपी काढली आणि जणू सगळं ठाऊक आहे अशा आवाजात विचारलं, “पाय कुठला?”

“उजवा पुढला,” तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

तो मटकन खाली बसला. मग जे बोलला ते माझ्या आयुष्यभर लक्षात राहिलं.

“कार्ड टाकून आज आठवडा झाला, साहेब. मी रोज अड्ड्यावर येऊन बघत हुतो, आता घोडा धरतील, मग धरतील. आन तुमचं शिपाई त्याच्या मागं हुबं राहून टाळ्या वाजवत हुतं.”

मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. मी विचारलं, मग समोर येऊन सांगितलं का नाही? त्याने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत पितळी पिचकारी आणि सुयांचा डबा होता, दोन्हींवर सरकारी शिक्का. पलटणीतून येताना आणलेली. परवाना नाही, वर सरकारी मालाची चोरी. पेन्शन गेली असती, म्हणाला. घरात अंथरुणाला खिळलेली बायको होती. आतल्या बाजूने तिचा खोकला ऐकू येत होता.

पुढची हकीकत त्याने भराभर सांगितली. त्या घोड्याच्या खुरातलं हाड आतून किडत चाललं होतं. ते बरं होणारं नव्हतं. टांगेवाला त्याला घेऊन आला तेव्हा घोडा पाय टेकवत नव्हता, उभा राहून नुसता घामाने निथळत होता. साधं बधिर करायचं औषध तासाभरात उतरतं. पण लष्करात एक उपाय होता, नसेच्या जवळ सुई द्यायची आणि पाय चार-पाच महिने बधिर ठेवायचा. म्हाताऱ्या, निकामी झालेल्या घोड्यांना कुरणात सुखाने दिवस काढता यावेत म्हणून तो करत. त्याने तो केला आणि टांगेवाल्याला बजावून सांगितलं की आता याला फक्त बांधून चारा घालायचा, जुंपायचा नाही. टांगेवाल्याने घोड्याच्या गळ्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी घोडा सरळ चालायला लागला. आठवड्याने तो टांग्याला होता.

“त्यो म्हणतो बरा झाला,” सालोत्री म्हणाला. “मी म्हणलं, अरं बरा न्हाय झाला, त्याला कळायचं बंद झालंय. त्यो हसला.”

कुठला घोडा, हे मी शेवटी विचारलं. तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. ज्याच्या मानेवर मी थाप मारली होती तोच.

मी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होते आणि शाळा पाचला सुटत असे. मी सायकलकडे धावलो. सालोत्री मागोमाग आला आणि न विचारता कॅरिअरवर बसला. तो घोडा माझ्या हातानेच थांबेल, तुमच्या नाही, एवढंच बोलला. आरोपीला सायकलवर डबलसीट घेऊन गावातून जाणारा फौजदार लोकांनी त्या दिवशी पाहिला. त्याबद्दल नंतर वरिष्ठांनी विचारणाही केली.

शाळेपाशी पोचलो तेव्हा शाळेचं दार बंद होत होतं. शाळेचा शिपाई म्हणाला, टांगे केव्हाच गेले. सालोत्री उतरला आणि वाकून रस्त्याकडे बघायला लागला. मग त्याने बोटाने दाखवलं. धुळीत एक गोल डाग होता, रक्ताचा, रुपयाएवढा. पाच-सहा पावलांवर दुसरा. पुढे तिसरा. एकाच पायाचे डाग, नेमक्या अंतरावर, आणि ते दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे चालले होते. त्या टांग्यातल्या दोन मुलींची घरं त्या बाजूला आहेत, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं.

सालोत्रीला पुन्हा मागे घेऊन मी त्या डागांवरून सायकल हाणली. इतकी वर्षं झाली, पण त्यावेळची भीती सांगायला मला अजून धड शब्द सापडत नाहीत. डाग मोठे होत चालले होते.

उताराच्या अलीकडे टांगा दिसला. घोडा कान टवकारून, मान उंचावून, ऐटीत दुडकत होता. मुली कसल्याशा भेंड्या खेळत होत्या आणि हसत होत्या. कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय छान टांगा चाललाय. मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं, तोच सालोत्रीने मागून माझा दंड धरला. ओरडू नका, बिचकला तर पाय टाकंल, म्हणाला. त्याने मला बाजूच्या बोळातून वळसा घालायला लावलं. आम्ही उताराच्या तोंडाशी टांग्याच्या पुढे निघालो. तो उतरला आणि रस्त्याच्या मधोमध, हात मोकळे सोडून, घोड्याकडे चालत गेला. धावला नाही. तोंडाने चुचकारत होता. घोड्याने त्याला ओळखलं असावं. चाल कमी झाली आणि त्याने लगाम धरला.

टांगेवाला बावचळून माझ्या गणवेशाकडे बघत होता. “बरा झालाय तो, साहेब,” तो म्हणाला. “बघा ना, कसा चालतोय.”

मी मागच्या मुलींना उतरवायला हात पुढे केला. सालोत्री घोड्याच्या डोक्यापाशी होता, तिथूनच तो दबक्या आवाजात म्हणाला, “मागच्या नका. आधी पुढच्या काढा. मागच्या उतरल्या तर सगळा भार घोड्याच्या पुढल्या पायावर यील.” मी माझ्या बुद्धीने चाललो असतो तर तिथेच घात झाला असता. मी पुढून दोन धाकट्या मुलींना एकेक करून उचलून घेतलं. त्यातली एक माझ्या मिशांना घाबरून रडायला लागली. मग टांगेवाल्याला हळूच उतरवलं. मग मागच्या पाच जणी, दप्तरांसकट. सातवी मुलगी जमिनीवर आली तेव्हा मी आकडा मोठ्याने म्हटला आणि तरी पुन्हा एकदा सगळ्या मोजल्या.

घोड्याला टांग्यातून सोडवलं. सालोत्रीने पाय उचलून दाखवला. खुराच्या तळव्यात बोटभर लांबीचा गंजका खिळा मुळापर्यंत रुतला होता, आणि तो आजचा नव्हता. आतून कुजल्याचा वास येत होता. सालोत्रीने तो उपसला तेव्हा घोडा मान वळवून त्याच्या खिशाशी हुंगत होता. टांगेवाल्याने ते पाहिलं आणि तो रस्त्यातच खाली बसला.

मग रस्त्याच्या कडेचं हिरवं गवत घोड्याला दिसलं. तो त्या दिशेने वळला, उजवा पाय टाकला, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. घोडा गुडघ्यावर आला आणि कुशीवर पडला. पाय नको तिथे वाकला होता. मुली किंचाळल्या. घोडा मात्र शांत होता. मान लांब करून तो पडल्या पडल्या गवत खायला लागला. गुरांचे सरकारी डॉक्टर येऊन त्याची सुटका करेपर्यंत तो गवत खात होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, कारण मला ते बघवत नव्हतं.

मुलींना मी पायी घरी सोडलं. वाटेत एकीने विचारलं, त्याला फार दुखत असेल ना? मी नाही म्हणालो. ते खरं होतं, आणि खरं असूनही ते सांगताना मला हुडहुडी भरली.

पुढे रीतसर खटला झाला. टांगेवाल्याचा परवान्याचा बिल्ला गेला आणि जनावराला क्रूरतेने वागवल्याबद्दल शिक्षा झाली. सालोत्रीवरही आरोप होता. मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, धोका माहीत होता तर पोलिसांना वेळीच का कळवलं नाही? त्याने माझ्याकडे पाहिलं. कार्डाचा उल्लेख मी कागदपत्रांत केला नव्हता. केला असता तर टाळ्याही सांगाव्या लागल्या असत्या. तो खाली मान घालून म्हणाला, भीती वाटली, साहेब. त्या माणसाने माझी अब्रू झाकली होती, स्वतःच्या पेन्शनीवर पाणी सोडून. मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं, कार्ड, टाळ्या, शिट्टी, रॉकेलचा डबा. कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटनाही हसू आवरेना. पण सालोत्री ताकीद देऊन सुटला आणि त्याची पेन्शन वाचली. माझ्या सर्व्हिस बुकात एक शेरा पडला, तो शेवटपर्यंत राहिला. बढती दोन वर्षं लांबली. त्याचं मला दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. पहिली गोष्ट, माणूस तक्रार देताना जो शब्द वापरतो, त्याचा अर्थ त्यालाच विचारावा. अर्थ आपल्याला माहीत आहे असं वाटतं तेव्हा तर नक्कीच. दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. ठाण्यावर कुणी ओरडत, रडत, छाती बडवत आलं की माझे सहकारी वैतागत. मला उलट धीर यायचा. त्याला दुखतंय, ते त्याला कळतंय, अजून वेळ आहे. माझं लक्ष असे ते कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसलेल्या माणसाकडे. काही दुखत नाही, सगळं ठीक आहे, असं जो सरळ चेहऱ्याने सांगतो त्याच्याकडे. मी आधी त्याच्याजवळ जाऊन बसत असे.